8.8 ग्रॅमला 22.4 ने गुणलं तर 197 लिटर आलं, चुकलं कुठं?

प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता बेळगावात पीयूसी फर्स्ट इयर (म्हणजे अकरावी) सायन्स, सगळं इंग्रजीत. एसटीपीला, म्हणजे ठरवून दिलेल्या प्रमाण तापमानाला आणि दाबाला, 8.8 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचं आकारमान काढायचं होतं.

पीयूसीला आहेस म्हणून 'तू'च म्हणतो. मी खानापूरचा, याच वाटेनं गेलोय.

आमच्याकडून निपाणीला जायचं तर बेळगाव स्टँडला उतरून गाडी बदलायची. ग्रॅमवरून लिटरला जाताना मोल (डझनासारखंच, पण कण मोजायचं एकक) हे ते बेळगाव, आणि तू तेच गाळलंस. 22.4 लिटर हा एका मोलचा आकडा आहे, एका ग्रॅमचा नव्हे. कार्बन डायऑक्साइडचा एक मोल म्हणजे कार्बनचे 12 + दोन ऑक्सिजनचे 32 = 44 ग्रॅम. 8.8 भागिले 44, झाले 0.2 मोल. त्याला 22.4 ने गुण: 4.48 लिटर. परतीची वाटही तीच, उलटी.

भागायचं की गुणायचं, हे पाठ करत बसू नकोस. आपल्याकडं एका मोलपेक्षा जास्त आहे की कमी, एवढंच बघ. 8.8 हे 44 पेक्षा कमी, मग लिटरही 22.4 च्या आतच यायला हवेत की. 197 दिसल्यावर तिथंच थांबायचं होतं.

मार्क खरे जातात ते समीकरण आल्यावर. खायचा सोडा घे, 84 ग्रॅमला एक मोल. चमचाभर, 4.2 ग्रॅम धरू, म्हणजे 0.05 मोल. त्यावर भरपूर लिंबू पिळलंस तर सोड्याच्या एका मोलमागं कार्बन डायऑक्साइडचाही एक मोल सुटतो: 1.12 लिटर. तोच सोडा कोरडा तापवलास तर दोन मोलमागं एकच सुटतो, उरलेला कार्बन धुण्याच्या सोड्यात अडकून राहतो. म्हणून 0.56 लिटर. चमचा तोच, उत्तर निम्मं.

आणि 22.4 फक्त वायूंना. पहिल्याच टेस्टमध्ये मी 36 ग्रॅम पाण्याचे दोन मोल काढले आणि ऐटीत 44.8 लिटर लिहिलं. सर म्हणाले, "दोन घोट पाण्याच्या तीन घागरी केल्यास की रे!" अख्खा वर्ग हसला. पाणी होतं 36 मिलिलिटर.

काही पुस्तकांत 22.7 दिसेल, गोंधळू नकोस. 1982 पासून एसटीपीचा दाब एक ॲटमॉस्फिअरऐवजी एक बार धरतात, म्हणून तो फरक. प्रश्नात जे दिलंय ते घ्यायचं.

तसं बघितलं तर आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरभर उंच, हवेचा दाब कमी. 25 अंशाला इथं एक मोल वायू 27 लिटरच्या आसपास जागा घेतो. लिंबाच्या त्या 1.12 लिटरचे घरी 1.3 च्या वर भरतील. पेपरात मात्र 1.12 च लिही.