राक्षसविवाहाला राक्षस लागत नाही

प्रश्न असा आला आहे : प्रौढांसाठी काढलेल्या जपानी भय-अ‍ॅनिमेंमध्ये माणूस आणि अमानवी जीव यांच्यातील निषिद्ध प्रेमाच्या ज्या कथा असतात, त्यांना मराठीत लिहिणारे काही जण ‘राक्षसविवाहाच्या कथा’ म्हणतात, हे योग्य आहे काय, आणि नसल्यास कोणता शब्द वापरावा?

योग्य नाही. हा प्रयोग आता इतक्या वेळा कानी येतो की त्याचा उगम शोधण्याचाही कंटाळा आला आहे. ‘राक्षसाशी केलेला विवाह तो राक्षसविवाह’ असा विग्रह करून मंडळी मोकळी होतात. याच न्यायाने शकुंतलेने गांधर्वविवाह केला म्हणून दुष्यंताला गंधर्व ठरवावे लागेल आणि पुरुवंशाचा सगळा इतिहास नव्याने लिहावा लागेल. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात विवाहाचे जे ८ प्रकार दिले आहेत, त्यांत राक्षस हा सातवा असून त्याची व्याख्या ‘प्रसह्य कन्याहरणं राक्षसो विधिरुच्यते’ अशी आहे. नातलगांना मारून, घर फोडून, आक्रोश करणाऱ्या मुलीला बळाने उचलून नेणे, हा तो विधी होय. हे नाव रीतीचे आहे, नवरदेवाच्या कुळाचे नाही. काशीराजाच्या तिन्ही मुली भीष्माने रथात घालून नेल्या, तो राक्षसविधी. त्यात राक्षस एकही नव्हता. उलट भीमाने हिडिंबेशी संसार मांडला तेव्हा वधू अस्सल राक्षसी होती, तिचा भाऊ पांडवांना खाण्यासाठी टपलेला होता, आणि तरीही तो राक्षसविवाह नव्हता, कारण तेथे कोणी कोणाला पळवले नाही; हिडिंबेने आपण होऊन मागणी घातली आणि कुंतीने संमती दिली.

हा भेद शाब्दिक कीस नाही, हे प्रश्नकर्त्याच्याच आवडीच्या एका चित्रपटावरून दाखवता येते. योशिआकी कावाजिरी यांच्या २००० सालच्या ‘व्हॅम्पायर हंटर डी : ब्लडलस्ट’मध्ये शार्लट नावाची तरुणी मायर लिंक या रक्तपिपासू सरदाराबरोबर नाहीशी होते. घरच्यांची खात्री असते की तिला पळवून नेले आहे, म्हणून ते पैसे मोजून शिकारी मागे लावतात. पुढे कळते की ती स्वतःच्या इच्छेने गेली आहे. म्हणजे घरच्यांच्या लेखी जो राक्षसविवाह, तो तिच्या लेखी गांधर्वविवाह आहे, आणि चित्रपटाचा सारा ताण या दोन शब्दांमधल्या अंतरावर उभा आहे. ज्याने दोन्हींना सरसकट ‘राक्षसविवाह’ म्हटले, त्याने कथा पाहिली असेल, पण त्याला ती कळली नाही. भागवतातील रुक्मिणी या बाबतीत पुष्कळच चोख होती. कृष्णाला पाठवलेल्या निरोपात ‘मां राक्षसेन विधिनोद्वह’ असे ती सांगते, तेव्हा पळवून नेण्याचे आमंत्रण आपण स्वतः देत आहोत याची तिला पूर्ण जाणीव असते आणि शास्त्रातील शब्दही ती अचूक वापरते.

‘राक्षस’ या शब्दाच्या व्युत्पत्तीत मी फार शिरत नाही. ‘रक्ष्’ धातू सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्यापासून रक्षण करावे लागते तो राक्षस, हे प्राचीन व्युत्पत्तिकार यास्कांचे म्हणणे पटण्याजोगे आहे. एकांतात घात करतो म्हणून आणि रात्री चाल करून येतो म्हणून अशा ज्या आणखी दोन व्युत्पत्ती त्यांनी शेजारी मांडल्या आहेत, त्या मात्र निव्वळ अक्षरांची कसरत आहेत, मग त्या सांगणारा निरुक्तकार का असेना. जपानीत हाच शब्द चिनीमार्गे जाऊन ‘रासेत्सु’ झाला आणि यक्षाचा ‘याशा’ झाला. आपल्याकडे यक्षिणीची जखीण झाली, म्हणजे कोकणातील जखीण ही जपानी याशाची दूरची बहीण लागते. पण या ओळखीपाळखीपेक्षा कितीतरी गोड प्रकरण दुसरेच आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

कावाजिरी यांचाच १९८७ सालचा ‘विकेड सिटी’ घ्या. माणसांच्या जगाचा पहारेकरी ताकी आणि पलीकडच्या जगाची पहारेकरीण माकिए एका तहाच्या रक्षणासाठी एकत्र येतात आणि एकमेकांच्या प्रेमात पडतात. मूळ जपानीत त्या पलीकडच्या जगाला ‘माकाई’ म्हणतात. इंग्रजी आवृत्त्या पाहून मराठीत लिहिणारे त्याचे ‘काळे जग’ करतात, कोणी ‘राक्षसलोक’ करतात, आणि इथेच सगळी मौज हातची जाते. ‘माकाई’मधील ‘काई’ म्हणजे लोक किंवा प्रदेश. बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत हे अक्षर ‘धातु’ या संस्कृत शब्दासाठी येते. आणि ‘मा’ म्हणजे, वाचकहो, आपला ‘मार’. बोधिवृक्षाखाली सिद्धार्थाला उठवायला आलेला तो मार. त्याचे नाव चिनीत लिहायचे तर अक्षर हवे होते, म्हणून वर ‘मा’ असा उच्चार दाखवणारे भांगेच्या जातीतील, धागे देणाऱ्या वनस्पतीचे चिन्ह आणि खाली भूताचे चिन्ह अशी जोडणी करण्यात आली; याचे श्रेय परंपरा सहाव्या शतकातील लिआंग वंशाच्या वू सम्राटाला देते. तेच अक्षर जपानीत गेले आणि तेथे त्याने वंशविस्तार केला. ‘माहो’ म्हणजे जादू, ‘माजो’ म्हणजे चेटकीण, ‘आकुमा’ म्हणजे सैतान. इतकेच काय, जपानी पाहुणा दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकताना सौजन्याने ‘ओजामा शिमास’ म्हणतो, म्हणजे ‘आपल्याला अडथळा करतो’, त्या ‘जामा’तही साधनेत विघ्न आणणारा हाच मार बसलेला आहे.

आता मुद्द्याचे. संस्कृतात मार कोण? अमरकोश हा संस्कृतचा जुना शब्दकोश उघडा : ‘मदनो मन्मथो मारः प्रद्युम्नो मीनकेतनः’. मार हे कामदेवाचे नाव आहे, आणि त्याच कोशात बुद्धाला ‘मारजित्’ म्हटले आहे. बौद्ध कवी अश्वघोषाने तर बुद्धचरिताच्या तेराव्या सर्गात संशयाला जागाच ठेवलेली नाही. लोक ज्याला चित्रायुध, पुष्पशर कामदेव म्हणतात, त्यालाच मोक्षाचा वैरी असल्यामुळे मार म्हणतात, असे तो सर्गाच्या आरंभीच सांगतो. पुढचा प्रसंग तर आजच्या एखाद्या भय-अ‍ॅनिमेची पटकथा म्हणून खपावा. मार प्रथम फुलांचा बाण सोडतो. ज्या बाणाने प्रत्यक्ष शंभू पार्वतीसाठी विचलित झाला, तो या मुनीला कळलासुद्धा नाही, म्हणून तो चकित होतो आणि मग आपले सैन्य बोलावतो : डुकराच्या, माशाच्या, घोड्याच्या, गाढवाच्या, उंटाच्या तोंडाचे, एकाक्ष, अनेकमुखी, त्रिशीर्ष, लंबोदर. प्रेम आणि विद्रूप जीव एकाच मालकाच्या भात्यातून निघतात. आधी प्रेम, ते फसले की विद्रूप जीव. प्रौढांसाठीच्या भय-अ‍ॅनिमेंमध्ये मोहक देह आणि भयंकर देह एकाच पात्रात का नांदतात, चुंबनाच्या पुढच्याच क्षणी जबडा का उघडतो, याचे मूळ मला या सर्गात आणि त्या एका अक्षरात दिसते.

हे मत मांडले की एक ठरलेला आक्षेप येतो, आणि तो घेणाऱ्यांत संस्कृतचे जाणकारही असतात. त्यांचे म्हणणे असे की मार हा ‘मृ’ धातूपासून आलेला, मारणारा तो मार. चीन-जपानमध्ये केवळ हा संहारक पोहोचला, कामदेव वाटेतच गळाला, म्हणून ‘माकाई’त प्रेम शोधणे ही माझी हौस आहे. व्युत्पत्ती मान्य, निष्कर्ष साफ अमान्य. बौद्ध विश्वरचनेत मार हा कामधातूच्या (वासनेच्या लोकाच्या) सहाव्या, म्हणजे सर्वांत वरच्या, स्वर्गाचा अधिपती आहे, आणि जपानी भाषेने ही गोष्ट कधीच विसरू दिलेली नाही : तेथे त्याला ‘दाइरोकुतेन माओ’, सहाव्या स्वर्गाचा मारराजा, म्हणतात. सोळाव्या शतकातील सेनानी ओदा नोबुनागा याने ही उपाधी स्वतःला लावल्याची नोंद लुईस फ्रोइश या जेझुइट पाद्र्याच्या पत्रात आहे, आणि अ‍ॅनिमे पाहणाऱ्या कोणालाही हे नाव नवे नाही. कामधातूला जपानीत ‘योकुकाई’ म्हणतात. म्हणजे ज्या मालकाच्या नावाने माकाई ओळखली जाते, तोच योकुकाईच्या शिखरावर बसलेला आहे. कामदेव वाटेत गळाला असे म्हणणाऱ्यांनी तो वाटेत कुठे गळाला ते ठिकाण दाखवावे. मला तो टोकियोच्या पडद्यावर धडधाकट दिसतो. भिक्षूंच्या सांकेतिक बोलीत ‘मारा’ हा शब्द पुढे पुरुषाच्या कोणत्या अवयवासाठी रूढ झाला, हे येथे लिहीत नाही. आक्षेपकांनी एखादा मोठा जपानी कोश पाहावा आणि मग बोलावे.

या सगळ्यात प्रश्न मागे राहिला. पर्यायी शब्द हवा होता. ‘मारकथा’ मला मनापासून आवडला असता, परंतु मराठी वाचकाला त्यातून हाणामारीखेरीज काही उमगणार नाही. जपानी लोकसाहित्याचे अभ्यासक अशा कथांना ‘इरुई कोनइन तान’ म्हणतात, म्हणजे वेगळ्या जातीच्या जिवाशी झालेल्या विवाहाची कथा. ज्योतिषी आबे नो सेइमेई याची आई कुझुनोहा ही कोल्हीण होती, ही आख्यायिका त्याच वर्गात मोडते. त्याचे ‘विजातीय विवाहकथा’ असे भाषांतर करण्याचा मोह कोणी करू नये. आपल्याकडे ‘जाती’ शब्द कानावर पडताच वाचक कुठे पोहोचेल हे सांगायला नको. आपल्या परंपरेत यासाठी ‘योनी’ हा शब्द तयार आहे. ८४ लक्ष योनींचा फेरा वारकऱ्यांपासून सर्वांना परिचित आहे, आणि अमरकोशाने यक्ष, राक्षस, पिशाच, भूत या सगळ्यांना गंधर्व-अप्सरांच्या पंक्तीत बसवून ‘देवयोनी’ म्हटले आहे, हा औदार्याचा भाग निराळाच. तेव्हा लग्नापर्यंत पोहोचणाऱ्या कथेला ‘भिन्नयोनिविवाहकथा’ आणि न पोहोचणाऱ्या कथेला ‘भिन्नयोनिप्रणयकथा’ म्हणावे. ‘राक्षसविवाह’ हा शब्द, पात्र माणूस असो वा माकाईतले, जिथे खरोखर बळाने उचलून नेले जाते तिथेच वापरावा. ‘विकेड सिटी’त अशा प्रसंगांची दुर्दैवाने वाण नाही. लिहिताना समासात पुढे दुसरा शब्द असेल तर ‘योनि’चा ‘नि’ ऱ्हस्व ठेवावा. तो दीर्घ लिहायचा तो शब्द सुटा किंवा समासाच्या शेवटी असतानाच.