बॉटच्या स्क्रिप्ट रांगेत लावताना

भावा, रुनस्केप या ऑनलाइन गेममध्ये तुझ्याऐवजी आपोआप खेळणाऱ्या बॉटच्या चार स्क्रिप्ट (कामांचे छोटे प्रोग्राम) एकदम लावू नकोस. एका अकाउंटवर एका वेळी एकच चालव, नाहीतर त्या एकाच माउससाठी भांडतात. रांग लाव, पण घड्याळावर नको, काम संपल्याच्या अटीवर. ‘पहाटे दोनला स्वयंपाक’ असं ठेवलंस आणि मासेमारी रखडली, तर बँकेत मासेच नाहीत आणि बॉट रात्रभर चुलीपुढे उभा! ‘पाचशे मासे झाले की पुढची’ असं सांग. सोबत कमाल वेळही दे, म्हणजे एक अडकली तरी मागच्या खोळंबत नाहीत. रुनस्केपमध्ये पिशवीत २८च जागा. म्हणून प्रत्येक स्क्रिप्टने आधी पिशवी बँकेत रिकामी करावी, मग आपल्या जागी जावं. आधीची कुठे थांबली असेल याच्या भरवशावर राहू नकोस.

आपल्या सोलापुरात लाइट जाणारच. कुठवर आलो ते फाइलमध्ये लिहीत राहा, म्हणजे पीसी परत चालू झाला की उरलेलंच काम होईल. मे महिन्यात तर दुपारी मशीन चालवूच नकोस, रात्री लाव.

आणि हो, रुनस्केप बनवणाऱ्या जॅगेक्स कंपनीच्या नियमांत बॉट बसत नाही, अकाउंट कायमचं जाऊ शकतं. स्क्रिप्ट लिहायलाच शिकायचंय ना? मग माइनक्राफ्ट गेमचा स्वतःचा सर्व्हर टाक आणि तिथे काय तो धुडगूस घाल.