सायन्सच्या मुलाने संगीताचे क्रेडिट घेतले तर मार्क बुडतील का?

नवीन शैक्षणिक धोरण कॉलेजांत लागू झाल्यापासून एक काळजी घेऊन पालक माझ्याकडे वारंवार येतात. मुलगा किंवा मुलगी बीएस्सीला आणि ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य विषयाबाहेरचा निवडीचा विषय, घेतलंय संगीत. कॉलेजचा दुसऱ्या विद्यापीठाशी करार असतो, मुलं आठवड्यातून दोनदा तिकडे जाऊन शिकतात आणि तिथले क्रेडिट इकडे जमा होतात. आईवडिलांना एवढंच हवं असतं की कोणीतरी सांगावं, यात सायन्स मागे पडणार नाही.

अशीच एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा मुलुंडचा, दादरजवळच्या कॉलेजात एसवायला, विषय फिजिक्स. एफवायला वर्गात पहिल्या तिघांत आलेला. तिसऱ्या सेमिस्टरला त्याने चर्चगेटला तबल्याचा कोर्स घेतला आणि पहिल्याच चाचणीत मॅथ्सचे मार्क घसरले. वडील बँकेतले. ते म्हणाले, "मॅडम, रविवारी खुशाल वाजवू दे, आमची ना नाही. पण क्रेडिटसाठी कशाला? त्याला आयआयटीत एमएस्सी करायचंय." आई इतका वेळ गप्प होती. उठता उठता म्हणाली, "जेवणावर लक्ष नाही हो त्याचं. रात्री अकराला तबला काढतो, शेजारचे बोलतात."

वडिलांची शंका रास्त होती आणि अशी शंका कागदावर मांडली की निम्मी उतरते. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला सेमिस्टरभरात 30 तास धरतात. दोन क्रेडिटचे 60 तास, म्हणजे पंधरा आठवड्यांत आठवड्याला 4. त्यात चर्चगेटला दोनदा जाणं-येणं आणि रोजचा अर्धा तास रियाज धरला की दहा-अकरा तास होतात. थोडे नाहीत, पण हुशार मुलाचं वर्ष बुडावं इतकेही नाहीत. एमएस्सीचं म्हणाल, तर आयआयटीचा प्रवेश जॅम या प्रवेशपरीक्षेतल्या रँकवर होतो आणि जॅम फेब्रुवारीत असते. टीवायचं वर्ष मोकळं ठेवलं, तर एसवायला संगीत घेतल्याने तिथे काही अडत नाही.

"पण असं कुठे करतात का?" वडिलांनी विचारलं. करतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने शेजारच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकबरोबर फिजिक्स आणि संगीतवादन अशी जोडपदवी चालवली आहे. न्यूयॉर्कला कोलंबियाची मुलं जुलियार्डमध्ये शिकायला जातात. मात्र तिथे ऑडिशन घेऊन निवडतात, म्हणजे वाजवता येणारीच मुलं पोचतात. आपल्याकडे ओपन इलेक्टिव्हला कोरी पाटी घेऊनही बसता येतं. मला ही सोय मनापासून आवडते, पण या मुलाचं दुखणं नेमकं तिथेच होतं.

तो एकटा भेटला तेव्हा उत्साहाने बोलला. तबल्याच्या शाईबद्दल, म्हणजे मधल्या काळ्या गोल लेपाबद्दल. साध्या ताणलेल्या चामड्याचे नाद एकमेकांशी जुळत नाहीत, शाईच्या वजनामुळे ते पूर्णांकी पटीत येतात आणि म्हणून तबला सुरात लागतो, सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये यावर 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. कागदावर वर्तुळं काढून त्याने मला सगळं समजावलं. मी म्हटलं, "मग 'ना' हा बोल कसा काढतात ते दाखव." त्याने टेबलावर हात ठेवला. अनामिका शाईच्या कडेला टेकवायची, तर्जनी चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर मारायची. दोनदा करून दाखवलं आणि हात मागे घेतला. "मला सगळं कळतं मॅडम, पण वाजत नाही. वर्गात शेजारी बसणारा मुलगा लहानपणापासून शिकतोय. सर त्याला कायदा देतात, म्हणजे बोलांची पुढची रचना, आणि मला सांगतात, परत 'ना'."

शाळेपासून ज्याला समजलं की जमलंच असा अनुभव आहे, त्याला हे फार लागतं. वर्गातला पहिला मुलगा एकदम शेवटच्या रांगेत. मग त्याने परीक्षेला करतात तेच केलं: इंटर्नलच्या आदल्या रात्री चार-पाच तास वाजवलं. मनगट धरलं, झोप झाली नाही, सकाळचं मॅथ्सचं लेक्चर बुडलं. असं तीन-चारदा झालं. घरी सांगायची सोय नव्हती, कारण मग वडील म्हणणार, बघ, सांगितलं होतं. मार्क घसरले ते यामुळे. आठवड्याचे दहा तास काढणं त्याला मुळीच जड नव्हतं.

दोन गोष्टी ठरल्या. रियाज सकाळी, निघायच्या आधी अर्धा तास, ठाय म्हणजे संथ लयीत. रात्री तबल्याला हात लावायचा नाही. दुसरी गोष्ट त्याला जड गेली: सरांना सरळ विचारायचं, "मी नवीन आहे, या सेमिस्टरला माझ्याकडून काय अपेक्षित आहे?" ते विचारायला त्याने दोन आठवडे घेतले. उत्तर मिळालं, तीनताल, दादरा आणि केरवा या तालांचे ठेके स्वच्छ यायला हवेत. कायदा त्याच्या अभ्यासक्रमात नव्हताच! शेजारी बसणाऱ्याचं शिक्षण वेगळ्या पातळीवर चाललं होतं आणि हा त्याच्याशी तुलना करून झुरत होता.

वडिलांशी तो माझ्यासमोर बोलला. "बाबा, मला तबल्यात शेवटचा नंबर आहे," एवढं म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. वडिलांनी थोडं थांबून विचारलं, "मग सोडायचाय का?" "नाही." "बरं," वडील म्हणाले. तिसरं सेमिस्टर तबल्यात बी ग्रेड घेऊन पार पडलं, मॅथ्स सावरलं. टीवायला त्याने संगीत घेतलं नाही, ते आधीच ठरलं होतं.

सगळ्यांना मी हो म्हणत नाही. ज्याची एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय, बाकी आहे किंवा ज्याचा रोजचा प्रवासच चार तासांचा आहे, त्याला आधी ते निस्तरायला सांगते. गाणं पुढच्या सेमिस्टरलाही घेता येतं. आणि फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या ऑफिसातून तीन गोष्टी लेखी घ्या: संगीताची ग्रेड सीजीपीएत, म्हणजे एकूण सरासरीत धरतात की नाही, तिकडची हजेरी इकडे कोण कळवतं आणि सायन्सच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी संगीताचा तास आला तर काय करायचं. तिसऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा कोणाकडेच तयार नसतं, ते मागून घ्यावं लागतं.