जी-२०, जी-७ च्या परिषदांनी आपल्यासारख्याला खरंच काही फरक पडतो का, की नुसते फोटो?

तुम्ही विचारलंय की जी-२० म्हणजे मोठ्या अर्थव्यवस्थांचा गट आणि जी-७ म्हणजे सात श्रीमंत देशांचा गट, यांचे एवढे मोठे नेते दोन दिवस जमतात, हात मिळवतात, पत्रक काढतात आणि विमानात बसून जातात, तर याचा साध्या माणसाला काही उपयोग आहे का. मी काही अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही, लातूर जिल्ह्यात एका अडत दुकानात हिशोब लिहितो, त्यामुळं माझं उत्तर सोयाबीनच्या बाजूनं येणार हे आधीच सांगून ठेवतो.

फोटोबाजी असते यात वाद नाही, मी डोळ्यानं बघितलीय. आमची मावशी संभाजीनगरला राहते, २०२३ च्या फेब्रुवारीत मी तिच्याकडं गेलतो. २७-२८ तारखेला तिथं डब्ल्यू-२० ची पहिली बैठक होती, म्हणजे जी-२० च्या छत्रीखाली जे वेगवेगळे गट चालतात त्यातला महिलांचा गट, आणि नेमकं तीन-चार दिवस आधी शहराच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी आलेली, त्यामुळं कुणी जुनं नाव घ्यायचं कुणी नवं. जालना रोडवर डिव्हायडर रंगवलेले, नव्या कुंड्या, संध्याकाळी लाइटिंग बघायला लोक पोरंबाळं घेऊन बाहेर. एका रिकाम्या प्लॉटला हिरवी जाळी लावली होती, मागचा उकिरडा पाव्हण्यांना दिसू नये म्हणून, आणि जाळीच्या खालून एक शेळी निम्मी आत निम्मी बाहेर. मावशी म्हणली, "पाव्हणे दर महिन्याला आले पाहिजेत रे बाबा." तिच्या बाथरूममधले पाण्याचे ड्रम मात्र होते तसेच भरून ठेवलेले.

त्या वर्षी देशात जवळपास ६० शहरांत २०० च्या वर बैठका झाल्या आणि शेवटची मोठी दिल्लीला ९-१० सप्टेंबरला. लोकांना वाटतं त्या दोन दिवसांत सगळं ठरतं, पण तसं नसतं, ठरवणारी माणसं वेगळी असतात, त्यांना शेर्पा म्हणतात, कारण शिखरावर चढवणारे तेच ना. आपले शेर्पा अमिताभ कांत होते, युक्रेनचा मुद्दा कसा लिहायचा यावर २०० तास बोलणी आणि १५ मसुदे झाले असं त्यांनीच नंतर सांगितलं. आदल्या वर्षी बालीत बहुतेक देशांनी युद्धाचा निषेध केला असं लिहिलं होतं, दिल्लीत ते वाक्य इतकं मऊ केलं की सगळ्यांनीच सही केली.

आता मूळ गोष्ट. जी-२० ला स्वतःचं कायमचं ऑफिस नाही, कायदा नाही, पोलीस नाही, ठराव मोडला तर दंड नाही. जी-७ पण तसंच, १९७५ ला फ्रान्समध्ये रांबुयेला सहा देश तेलाच्या भडक्यानंतर बसले, पुढच्या वर्षी कॅनडा आला, मग रशियाला घेतलं तेव्हा जी-८ झालं, २०१४ ला क्रिमियावरून त्याला बाहेर बसवलं. मग लोक ऐकतात कशाला? आमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोटली असते बघा. सकाळी नमुन्याची पोटली सोडतात, खरेदीदार बोली लावतात आणि चार-दोन पोटल्यांवर जो दर निघतो त्याच्या आसपास दिवसभराचा सगळा माल जातो. तो दर पाळलाच पाहिजे असा कुणाचा हुकूम नसतो, पण घेणारी मोठी माणसं सगळी तिथंच उभी असतात ना. जी-२० मध्ये जगाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के आणि व्यापाराचा ७५ टक्के हिस्सा एका टेबलाला बसतो, २०२३ ला आफ्रिकन युनियन पण आत आलं, मग तिथं निघालेल्या शब्दाला भाव येणारच.

फक्त पोटलीतला दर म्हणजे हातात पडणारी पट्टी, म्हणजे शेवटच्या पैशाची पावती, नव्हे, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. आधी मॉइश्चर म्हणजे मालातली ओल बघतात, मग माती-काडी, मग दर. घोषणापत्रातलं पण मॉइश्चर काढून वाचावं लागतं. २००९ ला पिट्सबर्गला ठरलं की पेट्रोल-डिझेल-कोळशावरची फालतू सबसिडी हळूहळू बंद करायची. ते 'हळूहळू' अजून चालूच आहे, २०२३ ला दिल्लीच्या कागदात परत तेच वाक्य आहे. मोठ्या कंपन्यांना जगात कुठंही किमान १५ टक्के टॅक्स, हे २०२१ ला जी-७ नं काढलं, रोमला जी-२० नं मान्य केलं, बऱ्याच देशांनी कायदेपण केले, आणि जून २०२५ ला त्याच जी-७ नं अमेरिकन कंपन्यांना त्यातून बाजूला काढायचं मान्य केलं. हे मी ओलं सोयाबीन म्हणतो.

वाळलेलं पण असतं. २००८ ला अमेरिकेतल्या बँका कोसळल्या तेव्हा नोव्हेंबरात वॉशिंग्टनला जी-२० चे पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष पहिल्यांदा जमले, त्याआधी १९९९ पासून ही नुसती अर्थमंत्र्यांची बैठक होती. पाच महिन्यांनी लंडनला त्यांनी १.१ लाख कोटी डॉलरचं पॅकेज काढलं, नाणेनिधीची ताकद तिप्पट केली, बँकांवर नजर ठेवायला नवीन मंडळ बसवलं. आता हे एवढं पटकन का झालं तर सगळ्यांचीच घरं एकाच वेळी पेटली होती. माझा अनुभव सांगतो, गावातसुद्धा नदीला पूर आला तरच भावकी एका ठिकाणी दिसते.

कर्जाचं बघा, आपल्याकडं सगळ्यात लवकर समजेल असा विषय. २००५ ला जी-८ नं १८ गरीब देशांचं सुमारे ४० अब्ज डॉलरचं कर्ज माफ करायचं ठरवलं, सरळ कर्जमाफी. कोरोनात २०२० ला जी-२० नं माफी नाही दिली, हप्ते पुढं ढकलले, ७३ देशांना ती सोय होती, पण त्यात सरकारनं सरकारला दिलेलं कर्ज थांबलं, खाजगी कर्ज देणारे जवळपास आलेच नाहीत. म्हणजे सोसायटी थांबली, सावकार दारात उभाच. झांबियानं २०२१ च्या सुरुवातीला जी-२० च्या कर्ज-पुनर्गठनाच्या नव्या पद्धतीत अर्ज केला, तर कर्ज देणाऱ्या सरकारांशी तडजोड व्हायला २०२३ चा जून उजाडला. आमच्याकडं पीककर्जाच्या पुनर्गठनाला वेळ लागतो म्हणून आम्ही बोंबलतो, तिथं अख्खा देश अडीच वर्षं चकरा मारत होता.

आणि आता लातूरच्या कामाचं, जे टीव्हीवर कुणी दाखवत नाही. २०१० ला रशियात भयंकर उष्णता पडली, त्यांनी गव्हाची निर्यात बंद केली, भाव भडकले, त्याच्या दोन वर्ष आधी पण असंच झालेलं. मुख्य रोग हा होता की कुठल्या देशात किती साठा आहे हे कुणालाच धड माहीत नव्हतं, म्हणून एकानं दार लावलं की दुसरा घाबरून लावायचा. मग २०११ ला फ्रान्सकडं यजमानपद असताना जी-२० च्या कृषिमंत्र्यांनी अमिस नावाची यंत्रणा काढली, रोमला अन्न व कृषी संघटनेच्या ऑफिसात बसते, गहू, मका, तांदूळ आणि सोयाबीन या चार पिकांचा जगभरचा अंदाज आणि साठा वर्षातून दहा वेळा फुकट छापते. २०१२ ला अमेरिकेत मोठा दुष्काळ पडला, मका-सोयाबीन महागलं, पण निर्यातबंदीची रांग काही लागली नाही. सगळं श्रेय अमिसला देणार नाही मी, पण ब्राझीलमध्ये किती सोयाबीन निघणार हे ज्याला आधी कळतं तो मोंढ्यात शहाणा ठरतो, आणि पूर्वी ते फक्त मोठ्या व्यापाऱ्याला कळायचं, आता मी दुकानात चहा पीत मोबाइलवर बघतो.

तरीपण स्वतःच्या घरात चिमटा बसला की परिषद कुणालाच आठवत नाही, आपण पण त्यात आलोच. १३ मे २०२२ ला आपण गव्हाची निर्यात बंद केली, दुसऱ्याच दिवशी जर्मनीत जी-७ च्या कृषिमंत्र्यांनी नाराजी दाखवली, आणि पुढच्याच महिन्यात त्याच जी-७ च्या परिषदेला मोदी पाहुणे म्हणून गेले, फोटो पण छान आले. दिल्लीच्या परिषदेत ९ सप्टेंबर २०२३ ला जैवइंधन आघाडी जाहीर झाली, इथेनॉलचा केवढा गाजावाजा, आणि ७ डिसेंबरला उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका असा आदेश निघाला, कारण साखर महागेल ही भीती. नंतर थोडं सैल केलं, पण ज्या कारखान्यांनी कर्ज काढून टाक्या उभ्या केल्या होत्या त्यांना ते दिवस विचारून बघा. सोयाबीनचं तर काय सांगू, २०२१ ला भाव चढला तेव्हा ऑगस्टमध्ये १२ लाख टन सोयापेंड बाहेरून आणायची परवानगी दिली आणि नवा माल यायच्या तोंडावर दर बसला. तेव्हा कुठली परिषद नव्हती, दिल्लीतून निघालेला एक कागद होता.

म्हणून कुणी मला विचारलं की भाव कशावर हलतो, तर मी आधी आपल्या सरकारचं आयात शुल्क बघतो, मग ब्राझील-अमेरिकेचं पीक, मग डॉलर, आणि परिषदेचं पत्रक सगळ्यात शेवटी, तेही मॉइश्चर काढून. जोहान्सबर्गच्या २०२५ च्या परिषदेला तर अमेरिका गेलीच नाही आणि २०२६ चं यजमानपद त्यांच्याचकडं आहे, म्हणजे पोटली सोडणारा कालपर्यंत मोंढ्यातच आला नव्हता. काय निघेल ते निघेल. आमच्या घरी सध्या ४० कट्टे पडून आहेत, २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ आहे, आणि धाकटा भाऊ रोज संध्याकाळी फोन करून एकच विचारतो, "विकू का ठेवू?" काल त्याला अमिसचा आकडा सांगितला तर म्हणला, "ते रोमवाले काटा कधी लावणार ते विचार."