पहिली हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) थेट साताऱ्याची आहे, १० किलोमीटरला ६५ मिनिटं लागतात. ११ आठवड्यांत तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात आठवड्यातून तीनदा सपाटीवर धावता, आजवरचं सगळ्यात मोठं अंतर १० किलोमीटर, सप्टेंबरच्या सुरुवातीच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलंय, आणि घाट चढताना दम टिकेल का याची धास्ती आहे. दम टिकेल. चढावर श्वास फुलला की माणूस आपोआप हळू होतो, नाहीतर चालतो. मला काळजी वाटते ती तुमच्या उताराची. साताऱ्यात पहिल्यांदा धावणारे बरेच जण परतीच्या वाटेवर, पंधराव्या-सोळाव्या किलोमीटरच्या पुढे, मांड्या दगडासारख्या झाल्या म्हणून चालायला लागतात. श्वास अगदी शांत असतो, पण पाय उचलत नाहीत.

मार्ग तसा सोपा आहे: शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटाला लागायचं, कासच्या रस्त्याने वर जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास, कासचं पठार बाराशेच्या आसपास. शर्यत या दोन्हींच्या मधल्या डोंगरावर होते. म्हणजे पहिला अर्धा भाग जवळजवळ सगळा चढ आणि दुसरा अर्धा भाग जवळजवळ सगळा उतार. चढ छातीवर येणारा नाही, पण तो सुटतही नाही. नेमकी अंतरं आणि वळण्याची जागा त्या वर्षीच्या नकाशावरच बघा.

उतारावर पाय का जातात ते एकदा समजून घ्या, म्हणजे सराव कंटाळवाणा वाटणार नाही. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना शरीराचं वजन झेलतो, ब्रेकसारखा. या ताणाखालच्या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. चांगली गोष्ट अशी की स्नायू हे फार लवकर शिकतात. एकदा नीट उतार धावून पाय दुखले आणि बरे झाले, की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने निम्मेसुद्धा दुखत नाहीत. तुमच्या ११ आठवड्यांत याचाच फायदा उठवायचा आहे.

रविवारचं लांब धावणं असं वाढवा: १०, १२, १३ किलोमीटर, मग कमी करून १०; पुन्हा १४, १६, मग १२; नंतर १८, १९, १२ आणि अकराव्या रविवारी शर्यत. १९ च्या पुढे जायची गरज नाही. वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. तुमच्या बाबतीत किलोमीटरला साडेसात मिनिटं, वर चढ असेल तर आठही. हळू वाटेल, तरी तेवढंच ठेवा. मंगळवारी ६ ते ८ किलोमीटर आरामात. गुरुवारी चढ-उतार.

गुरुवारचा सराव असा: पाच-सहा मिनिटांचा डांबरी चढ शोधा. सहकारनगरातून तळजाईकडे चढणारा रस्ता चालेल, फक्त पहाटे, वाहनं नसताना. सुरुवातीला ३ चढ, सहाव्या आठवड्यापर्यंत ६. पहिले तीन आठवडे वरून चालत खाली या. चौथ्या आठवड्यापासून उतार धावायला घ्या, आधी दोन, मग सगळे. ट्रेडमिलवर ५ टक्के चढ लावून चढाचा सराव होतो, पण उताराचा होत नाही; निव्वळ जिमवर अवलंबून राहणारे इथेच फसतात. आठव्या आणि नवव्या रविवारचं लांब धावणं खऱ्या घाटात करा. सिंहगडाचा गाडीरस्ता उत्तम, पण पावसाळ्यात दरडींमुळे तो कधीकधी बंद असतो आणि रविवारी उजाडल्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा चौकशी करून आणि लवकर जा. नवव्या रविवारनंतर जोरदार उतार नको. दोन आठवड्यांत पाय सावरतात, एका आठवड्यात सावरतातच असं नाही.

घरी आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं: जिन्याच्या पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय तीन आकडे मोजत खाली न्यायचा, टाच खालच्या पायरीला जेमतेम टेकवायची आणि वर यायचं. प्रत्येक पायाला १० वेळा, ३ फेऱ्या. गुडघा आतल्या बाजूला कलत असेल तर पायरी खूप उंच आहे, कमी उंचीची घ्या. सोबत चवड्यांवर उठणं, १५ च्या ३ फेऱ्या. माझ्या मते या पायरीच्या व्यायामाइतकं स्वस्त आणि उपयोगी साताऱ्यासाठी दुसरं काही नाही.

उतरायचं कसं, तर कानाने. पावलं ‘थप्प, थप्प’ अशी वाजत असतील तर टाच पुढे पडतेय आणि प्रत्येक पावलाला तुम्ही ब्रेक मारताय. आवाज ‘टपटपटप’ असा हलका, जवळजवळ यायला हवा. त्यासाठी पावलं आखूड करा, मिनिटाला १७० ते १८० च्या आसपास पडू द्या, गुडघा किंचित वाकलेला राहू द्या, आणि मागे रेलू नका. घाबरल्यावर माणूस मागेच रेलतो आणि सगळा भार मांडीवर घेतो. हात थोडे बाहेर सुटले तरी चालतील. नजर आठ-दहा पावलं पुढे.

आता बूट. उतारावर पाऊल पुढे सरकतं, अंगठा बुटाच्या टोकावर आपटत राहतो आणि नख काळं पडतं. बुटात सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. घोट्याजवळ एक जादा भोक असतं, ते बहुतेक लोक रिकामंच सोडतात. त्याच बाजूची नाडी बाहेरून आत त्या भोकात घाला म्हणजे छोटा फास तयार होईल. दोन्ही बाजूंचे फास झाले की प्रत्येक नाडी समोरच्या फासातून ओवून खाली ओढा आणि मग गाठ मारा. टाच मागे घट्ट बसते. पायाची नखं शर्यतीच्या चार दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको. नवे बूट शर्यतीत घालू नका. किमान ५० किलोमीटर झालेले असावेत, त्यातलं एखादं लांब धावणं भर पावसात.

पाऊस धरूनच चला. सुती टी-शर्ट आणि सुती मोजे अजिबात नकोत, ओले झाले की जड होतात आणि घासतात. काखेत, मांड्यांच्या आत, पायाच्या बोटांमध्ये आणि पुरुषांनी स्तनाग्रांवर पेट्रोलियम जेली सढळ लावा. कोरडं असताना न घासणारी जागाही पावसात सोलवटते. सुरुवातीला उभं राहताना प्लास्टिकची मोठी पिशवी गळा-हात कापून अंगावर घ्या, निघताना काढून कचऱ्यात टाका. चष्मा असेल तर पुढे छज्जा असलेली टोपी घाला. घाटात धुकं दाटतं, तेव्हा परत येणाऱ्यांना वाट देऊन आपल्याच बाजूने धावा. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि कडेचं शेवाळ ओलं असताना साबणासारखं असतं, वळणावर तर पट्ट्यावर पाय नकोच.

वेगाचं गणित. ६५ मिनिटांच्या दहावरून सपाटीवर तुमची हाफ मॅरेथॉन २ तास २५ मिनिटांच्या आसपास बसते. साताऱ्यात २:३० ते २:४० धरा. शहरातले पहिले तीन किलोमीटर, किलोमीटरला ७ मिनिटं या वेगाने. ढोल, गर्दी, टाळ्या यांत इथे सहज ६:१५ होऊन जातं आणि त्याची किंमत पुढे घाटात द्यावी लागते. घाटात घड्याळ बघू नका, श्वास बघा: तीन-चार शब्द सलग बोलता आले पाहिजेत. चार मिनिटं धावणं, एक मिनिट झपझप चालणं, हे घाटाच्या पहिल्या वळणापासूनच सुरू करा. दमल्यावर चालायला लागलात तर पुन्हा धावणं जड जातं. किलोमीटरला आठ मिनिटं लागली तरी बरोबर आहे. वळसा घेतल्यावर पहिले दोन किलोमीटर मुद्दाम आवरून, सात मिनिटांच्या आत नको. मग पाय मोकळे वाटले तर साडेसहा. घाटाच्या वळणांत जीपीएसचं अंतर चुकतं, म्हणून रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या पाट्यांवर विसंबा.

खाणंपिणं नेहमीचंच ठेवा. आदल्या रात्री आठच्या आत वरण-भात किंवा खिचडी; कंदी पेढे आणि झणझणीत मिसळ शर्यतीनंतर. सकाळी निघण्याच्या दोन तास आधी दोन ब्रेड-जॅम किंवा केळं आणि चहाची सवय असेल तर चहा. धावताना ४५ मिनिटांनी आणि ९० मिनिटांनी एकेक जेल (धावताना घ्यायचा साखरेचा घट्ट पाक, छोट्या पाकिटात मिळतो) किंवा तीन-चार खजूर, सोबत पाणी. हवा गार असते म्हणून तहान कमी लागते. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट पुरतात. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर पेलाभर पाणी पिऊ नका, जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते खरंच धोक्याचं आहे. धावण्याआधी पेनकिलर घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो आणि थांबायचा इशारा देणारं दुखणं झाकलं जातं.

आदल्या दिवशी ओळखपत्र दाखवून बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांकाचा कागद, स्वतः घ्या. त्याच्या मागची, वेळ नोंदवणाऱ्या चिपची पट्टी दुमडू नका, चारही कोपऱ्यांना पिना लावा आणि मागच्या बाजूला आजार, औषधं आणि घरचा फोन नंबर लिहा. शर्यतीच्या आठवड्यात ताप आला असेल तर, उतरला असला तरी, धावू नका. छातीत दुखणं, गरगरणं, किंवा लंगडावं लागेल असं दुखणं सुरू झालं की स्वयंसेवकाला सांगून तिथेच थांबा.

संपल्यावर दहा मिनिटं चालत राहा आणि लगेच कोरडे कपडे घाला. ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहिलं की हुडहुडी भरते. साताऱ्याहून पुण्याला गाडी चालवत यायचं असेल तर दुसरा चालक ठरवून ठेवा, क्लच दाबताना मांडीत पेटके येतात. सोमवार-मंगळवार फक्त चालणं, आणि पुढचे दहा दिवस उतार अजिबात नाही.