सरांची प्रयोगशाळा बोहरी आळीत भरायची

तुम्ही विचारलंय की तुम्ही नुकतेच ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागला आहात, तर आम्हाला मनापासून आवडलेले विज्ञानाचे प्राध्यापक कोण आणि ते वेगळं काय करायचे.

आमच्या सरांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना स्वतःला ते रुचलं नसतं. ऐंशीच्या दशकात पुण्यात बीएस्सी केलेले काही जण पुढचं वाचून ओळखतीलच. पण सरांबद्दल सांगायचं तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीतलं एक हार्डवेअरचं दुकान सोबत सांगावंच लागेल, कारण आमचं निम्मं प्रॅक्टिकल तिथे झालं.

बोहरी आळी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की सगळं ठप्प होईल अशी गल्ली, आणि दोन्ही बाजूंना खिळ्यापासून कढईपर्यंत काहीही देणारी दुकानं. आमचं दुकान अरुंद होतं पण आत खोल जायचं. भिंतभर लाकडी खण, आणि प्रत्येक खणावर आत काय आहे त्याचा एक नमुना तारेने बांधलेला. बिजागरी, कडी, कोयंडा, हूक, वॉशर. त्यामुळे चिठ्ठी वाचता न येणारा मिस्त्रीसुद्धा बोट दाखवून नेमकी वस्तू घेऊन जायचा. खिळे आणि तार वजनावर, स्क्रू ग्रोसवर, म्हणजे 144 नग. दुकान तीन पिढ्यांचं. मोहरमच्या पहिल्या दहा दिवसांत ते बंद असायचं, आणि त्या हिशेबाने सर आपली खरेदी आधीच उरकून घ्यायचे.

सर खरेदीला एकटे जात नसत. चार-पाच मुलं बरोबर असायचीच. गर्दी असली की सुताराला, प्लंबरला पुढे जाऊ द्यायचे. "त्यांची रोजी अडते, आपलं काय," असं म्हणायचे. आणि आम्ही तिथे उभ्या उभ्या शिकत असू.

एकदा कॉइल गुंडाळायला तांब्याची इनॅमलची तार हवी होती, 22 गेजची. शेठ वजनावर देणार, आम्हाला हवी लांबी. सरांनी शेठना विचारलं, "किलोत किती मीटर भरेल?" शेठ वर न बघता म्हणाले, "पावणेतीनशे धरा, मास्तर." सरांनी आम्हाला तिथेच कागदावर हिशेब करायला लावला. 22 गेज म्हणजे 0.711 मिलिमीटर व्यास, तांब्याची घनता घन सेंटिमीटरला 8.96 ग्रॅम. आमचं उत्तर आलं 281 मीटर. शेठ सहा मीटरने चुकले असं आम्हाला वाटलं. सर म्हणाले, तार पुन्हा बघा, वर काय आहे? इनॅमल, म्हणजे वीजरोधक लेप. एक किलोत ते इनॅमलही मोजलं जातं, म्हणजे तांबं किलोपेक्षा थोडं कमी. दोनेक टक्क्यांचा फरक तिथेच निघतो. वायंडिंगवाल्यांना आयुष्यभर तार विकून शेठच्या तोंडी जो आकडा बसला होता, त्यात इनॅमल आपोआप धरलेलं होतं.

सर मला का आवडले याचं उत्तर याच प्रसंगात आहे. त्यांनी शेठच्या आकड्याला अंदाज म्हटलं नाही, मापन म्हटलं. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि शेजारी शेठचा उल्लेख एखाद्या सहकाऱ्याचा करावा तसा केला. मला पुढे खूप विद्वान माणसं भेटली, पण दुकानदाराकडून शिकलेली गोष्ट त्याच्याच नावावर वर्गात सांगणारा दुसरा प्राध्यापक भेटला नाही.

लंबकाचा प्रयोग तर सगळेच करतात. धातूचा गोल गोळा, दोरा, स्टॉपवॉच. आमच्या लॅबमधले गोळे हरवत असत, म्हणून सरांनी गवंड्याचा पितळी ओळंबा आणला. ओळंब्याचा आकार भोवऱ्यासारखा, त्यामुळे लंबकाची लांबी नेमकी कुठपर्यंत धरायची हा प्रश्न आला. आम्ही अंदाजाने मध्य ठरवायला लागलो तर सरांनी थांबवलं. फक्त दोऱ्याची लांबी मोजा, म्हणाले, दर वेळी बदला, आणि आवर्तकालाच्या, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळाच्या, वर्गाचा आलेख काढा. रेषा सरळ आली, पण शून्यातून गेली नाही. मागे वाढवली तर लांबीच्या अक्षाला शून्याच्या अलीकडे छेदू लागली. ते अलीकडचं अंतर म्हणजेच दोऱ्याच्या टोकापासून ओळंब्याच्या गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर! जे माहीत नव्हतं ते आलेखानेच सांगितलं, आणि g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायला ते लागलंही नाही, कारण g रेषेच्या चढातून मिळतो. चढ 4.03 च्या आसपास आला की g 9.8 च्या जवळ. पुण्यात तो खरं तर 9.78 च्या जवळ असतो, कारण आपण ध्रुवांपेक्षा विषुववृत्ताच्या जवळ आणि शिवाय समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर. एवढा बारीक फरक आमच्या घड्याळाला दिसणं अवघड होतं, पण तो का असतो हे सरांनी तेव्हाच सांगून ठेवलं.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या शोकसभेला शेठ आले होते, मागच्या रांगेत बसले. दुकान त्यानंतर काही वर्षांनी बंद झालं. इमारत पाडून नवी झाली, खाली आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. आळी अजून गजबजलेली आहे, हार्डवेअरची इतर दुकानंही आहेत. मला मात्र त्या गल्लीतून जाताना आजही दोघांची आठवण एकदमच येते. एकट्या सरांची किंवा एकट्या शेठची कधी आली नाही.

आता तुम्ही शिकवताय म्हणून सरांचा एक प्रयोग तुमच्यासाठी, कारण तो पुढच्याच आठवड्यात करता येईल. स्क्रू गेज, म्हणजे बारीक जाडी मोजायचं उपकरण, मुलांच्या हातात देण्याआधी सर ते बोल्टपासून बनवून घ्यायचे. दुकानात सहा एमएमचा, पूर्ण आट्यांचा, अडीच-तीन इंची बोल्ट मागा आणि त्याच मापाचे दोन नट. "दोन सुती" मागू नका. दोन सूत म्हणजे पाव इंच, 6.35 मिलिमीटर. दिसायला सारखाच, पण त्याला इंचात 20 आटे, म्हणजे एका फेऱ्यात 1.27 मिलिमीटर. सहा एमएमचा बोल्ट एका फेऱ्यात बरोबर 1 मिलिमीटर सरकतो. दोन्ही प्रकारचा एकेक घेतलात तर उत्तमच. एकाचा नट दुसऱ्यावर का बसत नाही, यावर एककांचा अख्खा तास होतो.

नट लाकडी चौकटीत घट्ट बसवा, बोल्टच्या डोक्यावर 20 भागांची पुठ्ठ्याची चकती चिकटवा. एक भाग म्हणजे 0.05 मिलिमीटर. मग दाढीची दहा ब्लेडं चळत करून बोल्टचं टोक आणि चौकटीची समोरची बाजू यांच्यामध्ये ठेवा. बोल्ट जवळजवळ एक पूर्ण फेरा मागे घ्यावा लागतो, म्हणजे एक ब्लेड 0.1 मिलिमीटर. ब्लेडं जुनी घ्या आणि धार कानशीवर घासून बोथट करा. वाचन घेताना बोल्ट नेहमी एकाच दिशेने फिरवायला सांगा. उलट-सुलट फिरवला तर नटातल्या ढिलेपणामुळे आकडा बदलतो. दुसरा नट पहिल्याला टेकवून हलकेच आवळला की तो ढिलेपणा बराच कमी होतो. आमच्या बॅचमधल्या एकाकडे तेव्हाची चौकट अजून आहे. मापं हवी असतील तर खाली लिहा, त्याच्याकडून घेऊन टाकतो.