'तूर्त' ठेवलेले ९२ सरदार

प्रश्न : ब्रिटनच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह असलेल्या हाऊस ऑफ लॉर्ड्समधील वंशपरंपरागत सदस्यत्व १९९९ मध्येच संपले, असे माझ्या वाचनात होते. मग २०२४ मध्ये त्यासाठी पुन्हा विधेयक का आणावे लागले?

उत्तर : १९९९ च्या कायद्याने सहाशेहून अधिक सरदार सभागृहाबाहेर गेले हे खरे, पण ९२ जण आतच राहिले. टोनी ब्लेअर यांच्या मजूर सरकारला सगळ्यांनाच काढायचे होते. परंतु लॉर्ड्समध्ये हुजूर पक्षाचे प्राबल्य असल्याने विधेयक तेथे अडेल आणि त्यापायी इतर कामकाजही रखडेल, अशी धास्ती होती. त्यामुळे हुजूर पक्षाचे तेथील नेते व्हायकाउंट क्रॅनबोर्न यांच्याशी पडद्याआड बोलणी होऊन, सुधारणेचा पुढचा टप्पा येईपर्यंत ९२ जणांना तूर्त ठेवावे, असे ठरले. (ही बोलणी पक्षप्रमुख विल्यम हेग यांच्या परस्पर झाल्यामुळे क्रॅनबोर्न यांना आपले पद गमवावे लागले.) पुढचा टप्पा काही आला नाही, २०१२ मध्ये आघाडी सरकारने आणलेले विधेयकही गुंडाळावे लागले.

या ९२ पैकी दोघे पदसिद्ध होते आणि उरलेले नव्वद निवडून आलेले. जागा रिकामी झाली की पोटनिवडणूक होई, मात्र उमेदवार वंशपरंपरागत किताब असलेलाच हवा आणि बहुतेक जागांसाठी मतदार म्हणजे सभागृहातील त्याच पक्षाचे वंशपरंपरागत सदस्य. २०१६ मध्ये लिबरल डेमोक्रॅट गटातील एका जागेसाठी सात उमेदवार उभे होते आणि मतदार होते अवघे तीन! तिन्ही मते व्हायकाउंट थर्सो यांना पडली. हेच थर्सो आदल्या वर्षी हाऊस ऑफ कॉमन्स या लोकनियुक्त कनिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघात पराभूत झाले होते. हजारो मतदारांनी घरी बसवलेल्या माणसाला तिघांनी संसदेत परत आणावे, यात थर्सो यांचा वैयक्तिक दोष काहीच नाही. पण ज्या नियमाने हे घडले तो नियम मला तरी कोणत्याही युक्तिवादाने समर्थनीय वाटत नाही. अशा पोटनिवडणुका बंद कराव्यात म्हणून लॉर्ड ग्रोकॉट यांनी वारंवार खासगी विधेयके मांडली, तीही तडीस गेली नाहीत. म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारलाच विधेयक आणावे लागले.

प्रश्न : लॉर्ड्समधील इतर सदस्य तरी लोकांनी कुठे निवडलेले असतात? मग केवळ या ९२ जणांवरच रोख कशासाठी?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. १९५८ च्या कायद्यानुसार नेमलेले तहहयात सदस्य बहुतांशी पंतप्रधानांच्या शिफारशीने येतात, त्यांच्या संख्येला कायद्याने मर्यादा नाही, आणि चर्च ऑफ इंग्लंडचे २६ बिशपही तेथे बसतात. हे सारे बदलायला हवे. पण सगळे एकदम बदलता येत नाही म्हणून काहीच बदलू नये, या सबबीवरच ही तात्पुरती तडजोड पाव शतक टिकली. नेमणूक झालेल्या सदस्याबाबत निदान 'याला का नेमले?' असे कोणाला तरी विचारता येते. जन्माने आलेल्याबाबत तो प्रश्न कोणाला विचारणार? त्यांच्यातील जे खरोखर अभ्यासू आहेत, त्यांना तहहयात सदस्य म्हणून नेमण्याची वाट मोकळी आहेच. शिवाय बहुतेक किताब बापाकडून मुलाकडेच जातात. त्यामुळे काउंटेस ऑफ मार २०२० मध्ये निवृत्त झाल्यानंतर या राखीव जागांवर एकही स्त्री उरली नाही.